कळमनुरीचे निसर्गचित्र

उघड्यावर बसून समोरचा परिसर कागदावर उतरवणे ही चित्रकलेतील एक स्वतंत्र शिस्त आहे. तिला निसर्गचित्रण म्हणतात. पण शाळेच्या वहीत ‘निसर्गचित्र’ म्हणून जे काढले जाते त्याच्याशी तिचा संबंध फार थोडा. दोन टोकदार डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, तिथूनच निघून रुंद होत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि वर चार-दोन पक्षी. कोकणातले मूल हे चित्र काढते तसेच हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीचे मूलही काढते. कळमनुरी तालुक्यात टोकदार डोंगर नाहीत, किनाऱ्यावरच्या नारळीबागा नाहीत, आणि इथली नदी डोंगराच्या बेचक्यातून उडी मारत येत नाही. तरीही हाताला तेच वळण लागलेले असते, कारण ते चित्र पाहून काढलेले नसते. दुसऱ्याच्या चित्रावरून, तिसऱ्याच्या वहीवरून ते पिढ्यानपिढ्या पुढे आलेले असते. उघड्यावर रेखाटन शिकायचे तर हे पाठ झालेले चित्र आधी बाजूला ठेवावे लागते.

शालेय परीक्षांची रचनाही या बाबतीत फारशी मदत करत नाही. महाराष्ट्राचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेते. ग्रामीण भागातील हजारो मुलांची चित्रकलेशी गंभीर ओळख या परीक्षांमुळेच होते, आणि त्यांचे हे ऋण मोठे आहे. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय. सगळे पेपर चार भिंतींच्या आत होतात. स्मरणचित्रात आठवडी बाजार, बसथांबा, शेतातील काम असे प्रसंग आठवून काढायचे असतात. पण ज्याने बाजारात उभे राहून कधी पाच ओळी ओढलेल्या नाहीत, त्याला आठवायचे काय? त्याला आठवते ते मागच्या वर्षीच्या उत्तम श्रेणीच्या चित्रातले बाजाराचे दृश्य. बाहेरचे रेखाटन परीक्षेच्या अभ्यासक्रमात नसले तरी स्मरणचित्राचा पाया तेच आहे.

महाराष्ट्रात या शिस्तीची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘जे. जे.’मध्ये, युरोपीय पद्धतीचे वास्तवदर्शी शिक्षण मिळू लागले आणि त्यातून जलरंगात निसर्ग रंगवणाऱ्यांची मोठी फळी तयार झाली. तिथे शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान (निधन १९३१) हे या परंपरेतले पहिले मोठे नाव. मुंबईत नाव कमावणे शक्य असताना ते कोल्हापुरात राहिले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट अशी पायी चालत जाता येतील अशी ठिकाणे वर्षानुवर्षे रंगवत राहिले. एकाच पाण्याची सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी, हे त्यांच्या चित्रांत दिसते. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांनी जलरंगाची हीच परंपरा मुंबईत रुजवली. इंदूरला द. दा. देवळालीकरांनी १९२७मध्ये कलाशाळा सुरू केली आणि विद्यार्थ्यांना गावाबाहेर, नदीकाठी, गल्लीबोळांत रेखाटनाला नेण्याचा परिपाठ ठेवला. नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर आणि डी. जे. जोशी याच शाळेतून पुढे आले. नाशिकला शिवाजी तुपे यांनी गोदावरीच्या घाटांना आणि जुन्या वाड्यांना आयुष्य दिले. अलीकडच्या काळात पुण्याच्या मिलिंद मुळीक यांच्या चित्रांनी आणि ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या पुस्तकांनी जलरंगातले निसर्गचित्र गावोगावच्या हौशी माणसांपर्यंत नेले.

या यादीत मराठवाडा जवळजवळ नाही, आणि त्याला इतिहासाचे कारण आहे. जे. जे.चा प्रभाव मुंबई इलाख्यात आणि कोल्हापूर, इंदूरसारख्या संस्थानांत पसरला. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या भागात चित्रकार आले ते मुख्यतः लेण्यांसाठी. मेजर रॉबर्ट गिल १८४४पासून अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. पुढे जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तिथे गेले. हिंगोलीला हैदराबाद काँटिंजंट या फौजेची छावणी होती, आणि त्या काळच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात परिसराचे रेखाटन हा विषय असे. निजामाच्या चाकरीतला फिलिप मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९च्या कादंबरीचा लेखक, दख्खनची रेखाटने करत असे. पण या सगळ्यांची नजर किल्ला, दर्गा, लेणे, देऊळ यांवर जाई. लेणे नसलेला, किल्ला नसलेला साधा काळ्या मातीचा मुलूख कुणाला चित्राजोगा वाटला नाही. कळमनुरीत आज रेखाटन शिकणाऱ्यापुढे म्हणूनच तयार नमुना नाही. ही अडचण आहे, आणि मोठी संधीही आहे.

या मुलखाची घडण समजली की तो काढणे सोपे जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. थर आडवे, म्हणून टेकड्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे. याच काळ्या पाषाणाच्या झिजेतून काळी माती झाली. कळमनुरी तालुक्यात कयाधू वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा ही मराठवाडा आणि विदर्भ यांच्यामधली सीमा. तिच्यावर इसापूरचे मातीचे धरण आहे आणि त्याचा मोठा जलाशय आहे. हिंगोलीहून नांदेडला जाणारा महामार्ग कळमनुरी आणि आखाडा बाळापूर या गावांवरून जातो. चित्रकाराच्या दृष्टीने या सगळ्याचा निष्कर्ष एकच: इथली मुख्य रेषा आडवी आहे. बांध आडवा, टेकडीचा माथा आडवा, धरणाची भिंत आडवी, पाण्याची कड आडवी. उभ्या रेषा थोड्या आणि मोजक्या: विजेचे खांब, बाभळी, एखादे मंदिराचे शिखर किंवा दर्ग्याचा मिनार, माणसे. आडव्यांच्या या गर्दीत उभी रेषा कुठे ठेवायची, यावर निम्मे चित्र ठरते.

सुरुवात मात्र माळावर करू नये. नगरपरिषदेच्या गावातील बाग, शाळेचे मैदान किंवा देवळाचे आवार ही शिकणाऱ्याची पहिली जागा. तिथे सावली असते, बसायला बाक असतो, वस्तू जवळ असतात आणि मोजता येतात. घसरगुंडी, पायवाटेची कड, कुंपणाची भिंत, उंच अशोकाची रांग, पाण्याची टाकी यांचे आकार ठरलेले असल्याने चूक लगेच दिसते. झाड थोडे वाकडे आले तर खपून जाते, बाक वाकडा आला तर खपत नाही. बागेत हात पुरेसा बसला की गावाच्या कडेची पांदण, मग शेत, मग कयाधूचा काठ आणि सर्वात शेवटी इसापूरचे उघडे पाणी, असा क्रम ठेवला तर प्रत्येक पायरीवर एकच नवी अडचण समोर येते. पहिल्याच दिवशी जलाशयावर गेलेला विद्यार्थी बहुधा कागदावर एक आडवी रेघ ओढून बसतो, कारण धरून ठेवावे असे डोळ्याला काही सापडत नाही.

साहित्य थोडे लागते. एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली, खोडरबर, टोक करायला ब्लेड किंवा शार्पनर, आणि हातात मावेल एवढी स्केचबुक. मोठी वही पहिल्या वर्षी घेऊ नये. मोठा कोरा कागद भरण्याच्या नादात तपशील वाढतो आणि रचना सुटते. सुट्या ड्रॉइंग शीटवर काम करायचे तर परीक्षेला नेतात तो क्लिपचा पॅड उत्तम. साधे बॉलपेन तर कुठल्याही टपरीवर मिळते आणि त्याचा एक फायदा असा, की खोडता येत नसल्याने रेघ ओढण्याआधी पाहावे लागते. रंग लावायचे असतील तर जाड कागद हवा, शक्यतो ३०० जीएसएमच्या जवळचा. पातळ कागद पाणी पडताच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे ‘कॅमल’ रंग तालुक्याच्या गावातही मिळतात, आणि शिकण्यासाठी ते पुरे आहेत. एक जाडसर आणि एक बारीक गोल ब्रश, पाण्याची बाटली, जुने सुती फडके. निसर्गचित्रकार आज इतक्या सहज बाहेर पडतो, त्यामागे धातूच्या नळीचा शोध आहे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने ती काढली. त्याआधी तैलरंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत.

बसल्यावर लगेच पेन्सिल टेकवायची नाही. आधी समोरच्या पसाऱ्यातून तुकडा निवडायचा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात वहीच्या प्रमाणात खिडकी कापली तर ती डोळ्यासमोर धरून तुकडा ठरवता येतो. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवूनही ते होते. सपाट मुलखात सर्वात मोठा निर्णय क्षितिजरेषेचा. ती कागदाच्या बरोबर मध्यावर आली तर चित्राचे दोन सारखे तुकडे पडतात आणि नजर कुठे ठरत नाही. आकाशात काही घडत असेल, म्हणजे मृगाचे ढग चढत असतील, तर क्षितिज खाली घेऊन आकाशाला दोन तृतीयांश कागद द्यावा. जमिनीत काही घडत असेल, म्हणजे नांगरटीचे तास, हळदीचे वरंबे, पाटाचे वळण, तर क्षितिज वर चढवावे. कळमनुरीच्या उघड्या रानात हा निर्णय दर ऋतूला बदलतो.

क्षितिजरेषेचा एक नियम सपाट जमिनीवर फार उपयोगी पडतो आणि तो बहुतेकांना कुणी सांगितलेला नसतो. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. उभे राहून चित्र काढणाऱ्याला समोरच्या सपाट रानातील उभी माणसे जवळ असोत की लांब, सगळ्यांची डोकी क्षितिजरेषेच्या आसपास येताना दिसतात. लांबच्या माणसाचे पाय तेवढे वर सरकतात. तोच चित्रकार बांधावर मांडी घालून बसला की क्षितिज त्याच माणसांच्या कमरेवरून जाते. चित्रातली माणसे हवेत तरंगल्यासारखी किंवा खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसतात ती हा नियम मोडल्यामुळे. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असते. एवढ्या अंतरावरचे सगळे रान कागदावर बोटभर पट्टीत मावते, आणि नवशिक्याला नेमके हेच पटत नाही. तो दूरची शेते उंच रंगवतो आणि जमीन भिंतीसारखी उभी राहते. हात सरळ ताणून, कोपर न वाकवता, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेतले की डोळ्याचा भ्रम जातो: जवळच्या बांधाची जाडी दूरच्या सबंध शिवारापेक्षा जास्त भरते.

रस्त्याकडेचे विजेचे खांब हा यथार्थदर्शनाचा उत्तम धडा. सगळे खांब सारख्या अंतरावर असतात, पण दूर जाताना अंतर आकसत जाते, आणि ते अंदाजाने आकसवले की फसते. पहिले दोन खांब डोळ्याने मोजून काढावेत. मग पहिल्या खांबाच्या टोकापासून दुसऱ्याच्या बरोबर मध्यातून तिरपी रेघ ओढावी. ती खालच्या जमिनीच्या रेघेला जिथे मिळते तिथे तिसरा खांब येतो. दुसऱ्याच्या टोकापासून तिसऱ्याच्या मध्यातून तशीच रेघ काढली की चौथा. चार-पाच वेळा असे करून झाले की हिशेब डोळ्यात उतरतो आणि पुढे तो करावा लागत नाही.

रेषेनंतर छायाभेद. डोळे किलकिले करून पाहिले की बारीकसारीक तपशील विरतो आणि फक्त उजळ, मधले आणि गडद असे तीन पट्टे उरतात. हे पट्टे नीट बसले तर तपशील नसूनही चित्र ओळखू येते. ते चुकले तर कितीही पाने काढली तरी येत नाही. बहुतेक दिवस आकाश उजळ आणि जमीन गडद असते. पावसाळ्याच्या तोंडी मात्र हे उलटते. पूर्वेला काळे ढग आणि पश्चिमेकडून तिरपे ऊन अशा वेळी कोरडे रान आणि घरांच्या पांढऱ्या भिंती आकाशापेक्षा उजळ दिसतात. मराठवाड्याच्या माळावरचे हे सर्वात देखणे दृश्य आहे, आणि ते अर्धा तासही टिकत नाही. त्यासाठी हात तयार हवा.

दुपार टाळावी, हे सगळे सांगतात. त्याचे कारणही माहीत असावे. कळमनुरी साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोही घड्याळात बाराला नव्हे, सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. त्या वेळी खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. झाडाला उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू उरत नाही. सगळे आकार सपाट होतात. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावल्या लांब पडतात आणि पावसाने हवा धुतलेली असते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकण्याचा खरा हंगाम. सकाळी सूर्य उगवल्यापासून दोन-अडीच तास आणि संध्याकाळी तेवढेच. सावल्या सरकत राहतात, तेव्हा सुरुवातीलाच सगळ्या सावल्यांची कड हलकी आखून घ्यावी आणि नंतर ती बदलू नये. नाहीतर एकाच चित्रात एका झाडाची सावली सातची आणि दुसऱ्याची नऊची अशी गल्लत होते.

झाडांत बाभळ आधी शिकावी, कारण या मुलखाचे खरे झाड तेच. तिच्याकडे पाहून काढायला बसले की पाठ केलेले ‘झाड’, म्हणजे तपकिरी दांड्यावर हिरवा ढग, लगेच निरुपयोगी ठरते. बाभळीचे खोड क्वचित सरळ असते. ते बांधावरून एका बाजूला झुकते, मग वळते, आणि बरेचदा जमिनीपासून हातभर अंतरावरच दुभंगते. साल काळी, उभ्या भेगांची. ६बी पेन्सिल आडवी धरून ओढली की कागदाच्या खरबरीतपणातून ती भेग आपोआप उमटते. फांद्या वर जाता जाता पसरतात आणि शेंडा छत्रीसारखा चपटा होतो. पाने इतकी बारीक की एकही पान काढण्याचा प्रश्नच येत नाही. काढायचा असतो तो उजेड. बाभळीच्या शेंड्यातून आकाश गाळून येते, म्हणून शेंडा सलग न भरता पेन्सिलीच्या विरळ, तिरप्या फटकाऱ्यांनी सुचवावा आणि मध्ये कागद पांढरा सोडावा. शेंड्याच्या खालच्या कडेला फटकारे दाट करावेत, वरच्या कडेला विरळ. आतून जाणाऱ्या फांद्या सलग न दाखवता तुटक दाखवाव्यात; जिथे पाला दाट तिथे फांदी लपते, जिथे फट तिथे पुन्हा दिसते. या लपंडावातूनच झाडाला खोली येते. जमिनीवरची तिची सावलीही विरळच असते, मध्ये उन्हाचे ठिपके असलेली. ही सावली घट्ट काळी केली की झाड बाभळीचे राहत नाही.

बाभळ जमली की इतर झाडांतला फरक कळतो. कडुलिंबाचा पाला गोल गोल झुबक्यांत असतो, प्रत्येक झुबक्याला वरून उजेड आणि खालून सावली. वडाची ओळख त्याच्या पारंब्यांत आणि जमिनीकडे उतरणाऱ्या वजनात. पिंपळाचे पान लोंबते आणि हलते, त्यामुळे त्याची कड नेहमी अस्थिर दिसते. पळस वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र पाने गळून त्याच्या वेड्यावाकड्या काळ्या फांद्यांवर केशरी फुले येतात आणि तो सगळ्या रानाचा केंद्रबिंदू होतो. पेन्सिलीत पळस काढायचा तर फुले गडद काढू नयेत. केशरी रंग डोळ्याला तीव्र वाटतो, पण उजेडाच्या मापात तो मधल्या पट्ट्यातच बसतो.

रंग आधी जमिनीचा. काळी माती नळीतल्या काळ्या रंगाने रंगवली की चित्रात भोक पडल्यासारखी दिसते. कोरडी काळी माती करडी-तपकिरी असते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि भेगांच्या आतच खरा गडदपणा असतो. पावसाने भिजली की ती काळीभोर होते आणि वरून आकाशाचा निळसर उजेड परतवते. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिन निळा यांचे मिश्रण दोन्ही अवस्थांना पुरते. कोरडीसाठी तपकिरी जास्त, ओलीसाठी निळा जास्त. टेकडीकडची बरड जमीन तांबूस पिवळी, तिला यलो ऑकर.

पिकांचे रंग हंगामाप्रमाणे बदलतात, आणि या भागात हळदीइतका पूर्ण बदल दुसऱ्या कुठल्या पिकात दिसत नाही. हिंगोली जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो; वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. मे-जूनमध्ये लागवड झाली की वरंबे उघडे, चित्राला सरळ धावत्या रेघा देणारे. पावसाळ्यात केळीच्या पानासारखी रुंद, उभी पाने येतात आणि रान पोपटी-हिरव्या मोठ्या फटकाऱ्यांनी भरते. इथे जाड ब्रश हवा, कारण सोयाबीन बारीक ठिपक्यांनी रंगवतात ते तंत्र हळदीला चालत नाही. जानेवारीपासून पाला कडेने पिवळा पडून वाळतो आणि मोडून आडवा होतो. मग काढणी, आखाड्यावर हळद शिजवण्याची वाफ, आणि उन्हात पसरलेले वाळवण. शिजवलेल्या हळदीचा ढीग रंगवताना पिवळा रंग सरळ नळीतून लावण्याचा मोह टाळावा. उजेडातली बाजूच तेवढी शुद्ध पिवळी. सावलीतली बाजू बर्न्ट सिएनाने तांबूस करावी, आणि शेजारच्या जमिनीत थोडा जांभळट करडा ठेवावा. शेजारी मंद रंग असेल तेव्हाच पिवळा पेटतो.

दूरच्या टेकड्या हवेमुळे फिक्या आणि निळसर दिसतात. हिवाळ्यात हा निळा स्वच्छ असतो. एप्रिल-मेमध्ये धुळीने तो पांढरट-पिवळा होतो आणि टेकडीची कड आकाशात विरघळते. शहरी पुस्तकात ‘दूरचे निळे’ असा नियम वाचून उन्हाळ्यातली टेकडी निळी रंगवली तर ती खोटी ठरते. पाण्याचेही तसेच. इसापूरच्या जलाशयावर वारा नसेल तर पाणी आकाशाचा रंग किंचित गडद करून परत देते आणि काठाची छाया सरळ खाली पडते. वारा असेल तर प्रतिबिंब मोडून लांब उभे पट्टे होतात. जवळचे पाणी गढूळ, लांबचे उजळ. पाणी उतरले की काठावर आडव्या खुणांचे पट्टे उघडे पडतात. धरण किती भरले होते हे चित्रावरून कळते, म्हणून ते सोडू नयेत.

बाहेर बसण्याच्या काही व्यावहारिक बाबी चित्राइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडू देऊ नये. डोळे दिपतात, रंग आहेत त्यापेक्षा फिके वाटतात, हात गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. शेतात बसायचे तर धन्याला विचारावे. विचारले की बहुधा चहा मिळतो आणि शेताची माहितीही. गवतात बसण्याआधी काठी आपटावी, पाण्याच्या कडेला एकट्याने बसू नये, टोपी आणि पाणी जवळ असावे. मुली आणि लहान मुले यांनी गटाने, कला शिक्षकांबरोबर किंवा घरच्या मोठ्यांबरोबर जावे. बघे जमतातच. त्यांच्यामुळे सुरुवातीला हात थांबतो. पण ‘ही बाभळ पाटलाच्या धुऱ्यावरची ना?’ असे त्यांच्यातल्या कुणी विचारले तर रेखाटन बरोबर आले, याहून खात्रीची पावती दुसरी नाही. गटाने बसण्याचा आणखी एक लाभ असा, की एकाच दृश्याची पाच चित्रे शेजारी ठेवली म्हणजे कोणी काय पाहिले आणि काय गाळले ते आपोआप उघड होते. जगभर पसरलेली ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ याच पद्धतीने चालते. २००७मध्ये गॅब्रिएल कँपानारिओ या पत्रकार-चित्रकाराने सिॲटलमध्ये ती सुरू केली. प्रत्यक्ष जागेवर बसून, पाहून काढायचे, हा तिचा पहिला नियम. मुंबई-पुण्यात तिचे गट आहेत; तालुक्याच्या गावात त्यासाठी संस्था लागत नाही, चार विद्यार्थी आणि एक रविवार पुरतो.

मोबाइलचा फोटो घेऊन घरी चित्र काढण्याची सवय मात्र पहिल्या वर्षी लावू नये. सावलीतले तपशील फोटोत काळे होतात किंवा आकाश पांढरे पडते, आणि मुख्य म्हणजे काय घ्यायचे, काय सोडायचे हा निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेला असतो. रेखाटन शिकणे म्हणजे तो निर्णय स्वतः घ्यायला शिकणे. नंतर, हात तयार झाल्यावर, एखादा तपशील आठवण्यापुरता फोटो चालतो.

ज्याला पुढे जायचे आहे त्याच्यासाठी वाट आहे. इंटरमिजिएटनंतर कला शिक्षक पदविका, किंवा बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन कला महाविद्यालय; मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. तिथल्या निसर्गचित्रणाच्या तासाला बाहेरगावची मुले पेन्सिल कशी धरायची तिथपासून सुरुवात करतात, तेव्हा ज्याच्याकडे स्वतःच्या गावच्या दोन-तीन भरलेल्या वह्या असतात तो बराच पुढे असतो. पण महाविद्यालय हे या शिक्षणाचे एकमेव प्रयोजन नाही. शेती करणारा, दुकान चालवणारा, शाळेत गणित शिकवणारा माणूसही आयुष्यभर रेखाटन करू शकतो. या भागाचे चित्र उभे राहील ते बहुधा अशाच माणसांच्या हातून, कारण हळदीचा पाला नेमका कधी मोडतो आणि कयाधूला पहिले पाणी कधी येते हे त्यांना ठाऊक आहे.

प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ठिकाण आणि वाऱ्याची दिशा लिहावी. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८२१ आणि १८२२ साली हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले तेव्हा अनेक चित्रांच्या मागे तास आणि हवामान नोंदवले, आणि त्या नोंदींमुळेच ती चित्रे आज हवामानाचे अभ्यासकही पाहतात. कळमनुरीच्या एका बांधावरून तेच शिवार मृगात, पोळ्याला, दिवाळीला आणि होळीला असे वर्षातून चारदा काढले, आणि हे काही वर्षे चालू ठेवले, तर त्या वहीत पिकांचा बदल, तोडलेली झाडे, नवे खांब, रुंद झालेला रस्ता आणि जलाशयाची पातळी हे सगळे क्रमाने जमा होते. पेन्सिलीची पाने एकमेकांवर घासून काळी होतात, म्हणून मध्ये पातळ कागद घालावा. वही पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत, वाळवीपासून दूर, लोखंडी पेटीत ठेवावी.